काझाला सकाळी डिझेल गाडी स्टार्ट होत नाही? आदल्या संध्याकाळपासून तपासा

दर डिसेंबर-जानेवारीत ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा हिमाचलच्या किन्नौर-स्पितीतून फोन येतोच, कधी कल्पाहून, कधी ताबोहून, कधी काझाहून. रात्री गाडी व्यवस्थित लावली होती, आता सेल्फ मारतोय पण स्टार्टच होत नाहीये, बॅटरी गेली असेल का? आणि बहुतेक वेळा तोपर्यंत सेल्फ मारून मारून चांगली असलेली बॅटरी खरंच उतरवलेली असते. मला स्वतःला हा प्रॉब्लेम सलग दोन हिवाळे आला, तिसऱ्या खेपेला आला नाही, आणि मधल्या काळात काय बदललं ते आता नीट कळलंय म्हणून सगळं एकदा लिहून ठेवतोय.

मी निफाडचा, घरी द्राक्षबाग. पारा ५ च्या खाली आला की रात्री बागेत शेकोट्या पेटवायच्या, पहाटे ठिबक सोडायचं, मणी तडकू नयेत म्हणून धावपळ करायची, हे लहानपणापासून बघितलंय, त्यामुळे थंडी आपल्याला माहिती आहे असंच वाटायचं. पहिल्यांदा स्पितीला निघालो तेव्हा माणसांची तयारी अगदी जोरदार होती, थर्मल, लोकरीचे मोजे, कानटोप्या, सगळं डबल. गाडीची तयारी म्हणजे फक्त सर्व्हिसिंग, आणि तेही आपल्याकडच्या हवामानाला धरून केलेलं.

आधी रस्त्याचं सांगतो कारण इथेच पुष्कळ जण चुकतात. अटल टनेल २०२० मध्ये सुरू झाल्यापासून लोकांना वाटतं मनालीहून काझा आता बाराही महिने होतं. तसं नाहीये. टनेलमुळे लाहौलला जाता येतं, पण काझाला जायला पुढे कुंझुम खिंड लागते आणि ती हिवाळाभर बर्फाखाली बंदच असते. हिवाळ्यात काझा म्हणजे शिमला, रामपूर, रेकाँग पिओ, पूह, नाको, ताबो हाच रस्ता. पिओच्या खाली पोवारीला पंप आहे, त्यानंतर पंप थेट काझाला, मध्ये जवळजवळ दोनशे किलोमीटर काही नाही.

आता ताबोची सकाळ. जानेवारी २०२२, आम्ही चौघं, २०१६ ची डिझेल एसयूव्ही आणि डिकीत २० लिटरचा डिझेलचा कॅन. हा कॅन शेतावरच्या जनरेटरसाठी दिवाळीच्या आधी भरलेला, तसाच पडून होता, पुढे पंप मिळेल न मिळेल म्हणून सोबत घेतला. पोवारीला टाकी अर्धी होती, कॅन आहेच म्हणून थांबलो नाही आणि नाकोच्या पुढे तो कॅन टाकीत रिकामा केला. रात्री ताबोला मुक्काम. सकाळी सातला बाहेर उणे १७. दुसऱ्या सेल्फला गाडी स्टार्ट झाली, आम्ही खूश, दीडेक मिनिट चालली आणि खोकत खोकत बंद पडली, त्यानंतर काही केल्या नाहीच. मी सेल्फ मारतोय, भाऊ म्हणतोय अजून एकदा मार, असं आठ-दहा वेळा झालं. होमस्टेवाले काका आतून आले, त्यांनी आधी किल्ली काढायला लावली, मग बोनेट उघडून फिल्टरच्या खालचा पाणी काढायचा स्क्रू सैल केला आणि खाली स्टीलची वाटी धरली. डिझेलची धार यायला पाहिजे होती, ती आलीच नाही. थोड्या वेळाने पांढरट, दाट असं काहीतरी हळूहळू वाटीत उतरलं, बोटावर घेतलं तर मेणासारखं चिकट. काका एवढंच म्हणाले, 'तेल जम गया है जी, बैटरी को मत मारो.'

आपल्याकडे थंडीत खोबरेल तेलाची बाटली कशी होते, आदल्या रात्री पातळ असतं आणि सकाळी उलटी केली तरी थेंब पडत नाही, तेच डिझेलचं होतं. डिझेलमध्ये मेण असतं, पॅराफिन, नेहमीच्या तापमानाला ते विरघळलेलं असतं. गारठा वाढला की आधी डिझेल गढूळ दिसायला लागतं, मग मेणाचे बारीक कण तयार होतात आणि ते कण सगळ्यात आधी जाऊन बसतात फिल्टरच्या कागदावर. म्हणजे टाकीतलं डिझेल अजून हलत असतं पण फिल्टरमधून पुढे जात नाही. म्हणूनच गाडी आधी स्टार्ट होते, लाइनमध्ये जेवढं डिझेल आहे तेवढ्यावर मिनिट दोन मिनिटं चालते आणि बंद पडते. ही खूण डोक्यात पक्की ठेवा, चालू होऊन बंद पडली तर बॅटरीकडे बघूच नका.

आणि माझ्या कॅनचा दोष काय होता तर तो दिवाळीच्या आधीचा होता. भारतातल्या डिझेलच्या मानकात उन्हाळी आणि हिवाळी अशी दोन वेगळी मापं आहेत. फिल्टर कोणत्या तापमानाला चोंदायला लागतो ती मर्यादा, सीएफपीपी म्हणतात त्याला, उन्हाळी डिझेलला १८ अंश आणि हिवाळी डिझेलला ६ अंश. ही कमाल मर्यादा आहे, प्रत्यक्षात मिळणारं डिझेल यापेक्षा बरंच असू शकतं, पण उणे १७ ची खात्री त्यात कुठेच नाही. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये खास हिवाळी डिझेल आणलं, पानिपत रिफायनरीचं, ते उणे ३३ पर्यंत वाहतं राहतं. तिकडे हे वेगळं डिझेल लागतं यावरूनच समजा की नाशिकचं नेहमीचं डिझेल तिथे काय टिकणार. त्यामुळे घरून कॅन भरून नेणं पूर्ण बंद. तसंही गाडीत डिझेलचा कॅन घेऊन घाटातून फिरणं धोक्याचंच आहे.

मग टाकीत काय असायला पाहिजे? वर चढताना टाकी मुद्दाम कमी करत आणायची म्हणजे खालचं डिझेल संपत येतं, पोवारीला फुल करायची, काझाला पोचलात की संध्याकाळीच पुन्हा फुल करायची. पंपावर सरळ विचारा, विंटरवाला डिझेल है क्या, आणि स्थानिक टॅक्सीवाले कुठून भरतात ते बघा. पण नुसतं लोकल भरलं म्हणजे झालं असं समजू नका, पंपाचं डिझेलही खालूनच टँकरने येतं. म्हणून अँटी-जेल ऍडिटिव्ह (डिझेलमध्ये मिसळायचं, मेण धरू न देणारं औषध) घेऊन जा, डिझेलचं ऍडिटिव्ह म्हणून ऑनलाइन मिळतं, बाटलीवर उणे किती आणि किती लिटरला किती मिली ते लिहिलेलं असतं. आणि ते डिझेल गोठायच्या आधी टाकायचं असतं, पोवारीला आधी ऍडिटिव्ह आणि त्यावर डिझेल, म्हणजे पाईपच्या जोरावर आपोआप मिसळतं आणि पुढचे शंभर किलोमीटर हलत हलत फिल्टरपर्यंत पोचतं. सकाळी मेण झालेल्या टाकीत ओतून उपयोग होत नाही, ते वरच तरंगतं.

रॉकेलबद्दल खूप जण विचारतात. जुने ट्रकवाले डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचे, आणि त्या जुन्या पंपांना ते चालायचं पण. आताच्या कॉमन रेल इंजिनात, म्हणजे खूप जास्त दाबाने डिझेल फवारणाऱ्या, करू नका. तो हायप्रेशर पंप आणि इंजेक्टर डिझेलच्याच वंगणावर चालतात, रॉकेलला तेवढं वंगण नाही, आणि एक पंप-इंजेक्टरचा सेट गेला तर सगळ्या ट्रिपपेक्षा जास्त खर्च. पेट्रोल मिसळायचा सल्ला तर त्याहून वाईट. आणि टाकीखाली, इंजिनखाली जाळ करायचा, हे मी स्वतः डोळ्यांनी बघितलंय, एक ट्रकवाला रस्त्याच्या कडेला स्टोव्ह पेटवून टाकीखाली सरकवत होता. कृपा करून करू नका. त्यांचं पोट त्यावर आहे म्हणून ते जीव धोक्यात घालतात, आपण फिरायला गेलेलो असतो.

ताबोला आम्ही शेवटी काय केलं तर काकांच्या तंदूरवर पाण्याचं पातेलं ठेवलं (स्पितीत खोलीतल्या शेगडीला तंदूर म्हणतात, रोटीचा तंदूर नाही), गरम पाण्यात जुना टॉवेल बुडवून, पिळून, फिल्टरच्या भांड्याभोवती गुंडाळायचा, गार झाला की पुन्हा. कनेक्टर, वायरवर पाणी जाऊ द्यायचं नाही. उकळतं पाणी थेट ओतायचं नाही, प्लास्टिकचं भांडं तडकतं. तेवढ्यात दहाच्या सुमाराला डोंगरावरून ऊन उतरलं, गाडी ढकलून उन्हात आणली. मग हातपंपाने, म्हणजे फिल्टरजवळचा तो रबरी गोळा असतो ना तो, दाबून दाबून डिझेल पुढे आणलं, गोळा कडक झाला आणि साडेअकराला गाडी चालू झाली. सोबत नवा फिल्टर असता तर तासाभरात काम झालं असतं. तेव्हापासून एक स्पेअर डिझेल फिल्टर आणि तो बसवायचा पाना कायम डिकीत असतो, आणि निघायच्या आधीच फिल्टर नवा टाकून, खालचं पाणी काढून मग निघतो. फिल्टरच्या तळाला साठलेलं पाणी हा वेगळाच त्रास आहे, ते शून्याखाली बर्फ होतं आणि डिझेल चांगलं असलं तरी वाट अडवतं.

दुसऱ्या वर्षी, फेब्रुवारी २०२३, डिझेलचं सगळं नीट केलं होतं आणि तरी काझाला गाडी बंद. या वेळी बॅटरी होती, खरोखरच बॅटरी. चार वर्षं जुनी, घरी एका सेल्फला लागायची म्हणून बदलली नव्हती. उणे १८ च्या आसपास बॅटरीची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते आणि त्याच वेळी इंजिन ऑइल घट्ट होऊन सेल्फला दुप्पट जोर लागतो, दोन्हीकडून ओढाताण. जंप देऊन, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबल जोडून, चालू केली आणि दहा किलोमीटरवर टेंपरेचरचा काटा वर जायला लागला. बाहेर उणे १२, आणि इंजिन गरम! हीटरमधून मात्र गार हवा. काही सुचेना. झालं होतं असं की उन्हाळ्यात घराजवळच्या एका गॅरेजमध्ये कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) कमी दिसला म्हणून दोनदा साधं पाणी ओतलं गेलं होतं, कूलंट पातळ झाला होता आणि रेडिएटरमध्ये त्याचा बर्फाचा गाळ झाला होता. पाणी फिरत नाही म्हणून इंजिन तापत होतं. गाडी तिथेच बंद केली, जाळीसमोर पुठ्ठा लावून उन्हात ठेवली, दुपारपर्यंत गाळ वितळला. ब्लॉक तडकला नाही हे नशीब, कारण पाण्याचा बर्फ होताना तो फुगतो आणि ओतीव लोखंड किंवा ऍल्युमिनियम त्याच्यापुढे टिकत नाही.

म्हणून कूलंट मोजून घ्या. इथिलीन ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं निम्मं असेल तर ते साधारण उणे ३७ पर्यंत टिकतं. एक तृतीयांश ग्लायकॉल असेल तर उणे १७-१८ लाच खेळ खलास, म्हणजे नेमकं काझाच्या पहाटेचं तापमान. आणि जास्त चांगलं म्हणून शंभर टक्के ग्लायकॉलही भरू नका, ते उलट उणे १३ च्या आसपासच गोठतं. मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं, गॅरेजवाल्याला मापून दाखवायला सांगा, नुसतं 'हिरवं आहे ना साहेब' यावर जाऊ नका.

इंजिन ऑइलच्या डब्यावर डब्ल्यूच्या आधीचा आकडा बघा, तो थंडीतला. १५डब्ल्यू-४० ची थंड इंजिन फिरवायची चाचणी उणे २० ला होते, ५डब्ल्यू-३० ची उणे ३० ला. तुमच्या मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू चालतं असं लिहिलं असेल तर निघायच्या आधी तेच टाका, सेल्फचा आवाजच बदलतो. बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर दुकानात लोड टेस्ट करून घ्या. घरी बघायचं तर रात्रभर उभ्या गाडीला मल्टिमीटर लावा, १२.६ व्होल्ट म्हणजे फुल, १२.२ म्हणजे अर्धीच.

आता समजा तुम्ही हे आत्ता तिथे उभं राहून वाचताय आणि गाडी बंद आहे. पहिलं, सेल्फ मारणं थांबवा. एका वेळी १० सेकंदांच्या वर नाही आणि मध्ये एक मिनिट विश्रांती. मग कान द्या.

नुसतं टकटक होतंय, डॅशबोर्डचे दिवे मंद होतायत, तर बॅटरी किंवा टर्मिनल. टर्मिनल हाताने हलवून बघा, सैल असतात. जंप देताना लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चालू गाडीच्या प्लसला, काळी चालू गाडीच्या मायनसला आणि तिचं दुसरं टोक तुमच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. दहा मिनिटं दुसरी गाडी चालू राहू द्या मग सेल्फ मारा. पण त्याआधी बॅटरीकडे नीट बघा, बाजू फुगल्या असतील तर आतलं पाणी गोठलंय. चार्ज बॅटरी उणे ५० ला पण गोठत नाही, उतरलेली उणे १० च्या आसपास गोठते, आणि गोठलेल्या बॅटरीला जंप दिला तर ती फुटू शकते. ती काढून खोलीत न्या, पूर्ण वितळू द्या, मग बघू.

सेल्फ जड, आळसल्यासारखा फिरतोय तर बॅटरी अर्धी आणि ऑइल घट्ट, जंपने काम होतं.

सेल्फ मस्त जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही तर कुणालातरी मागे उभं करून सायलेन्सर बघायला सांगा. पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल आत जातंय पण पेटत नाही, ग्लो प्लगकडे (थंड इंजिन आतून तापवणारा छोटा हीटर) संशय. किल्ली ऑन करून स्प्रिंगसारखा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबा, किल्ली ऑफ, पुन्हा ऑन, असं दोन-तीन वेळा करून मग सेल्फ मारा, एखादा प्लग मेला असेल तरी बहुतेक वेळा एवढ्याने लागते. पुश बटनच्या गाडीत ब्रेक किंवा क्लच न दाबता बटन दाबलं की हेच होतं. आणि धूर अजिबातच नाही म्हणजे डिझेल पोचतच नाही, मग वर लिहिलेलं टॉवेल, ऊन आणि फिल्टरचं प्रकरण. चालू होऊन बंद पडणं किंवा चढावर दम सोडणं, तेही फिल्टरच.

गाडी चालू झाली पण जागची हलत नाही? मागचं चाक घसटत येतंय? हँडब्रेक गोठलाय. जोर लावू नका, मागच्या ड्रमवर कोमट पाणी टाकून लगेच पुढे-मागे हलवा, पाणी टाकून उभी ठेवली तर पुन्हा गोठणार.

बीएस६ गाड्यांत युरियाचा जो द्रव भरतात तो, डीईएफ, उणे ११ ला गोठतो, त्याचं टेन्शन घेऊ नका. टाकीत हीटर असतो, गाडी चालू होते आणि तो नंतर वितळतो. फक्त काठोकाठ भरू नका, गोठताना फुगतो.

पेट्रोल गाडीवाल्यांना डिझेल गोठायचा त्रास नाही, बाकी बॅटरी, ऑइल, कूलंट सगळं तसंच लागू.

तिसऱ्या खेपेला, जानेवारी २०२५, सकाळी काही करावंच लागलं नाही कारण सगळं आदल्या संध्याकाळी केलं होतं. ते असं. मुक्कामाला उजेड असताना पोचायचं, टाकी फुल असली पाहिजे, भरलेली टाकी हळू गार होते आणि आत दव धरायला जागा राहत नाही. गाडी भिंतीच्या आडोशाला, वाऱ्याकडे पाठ करून, आणि सकाळचं ऊन पहिल्यांदा कुठे पडतं ते होमस्टेवाल्यांना विचारून तिथे बोनेट येईल अशी लावायची. हा प्रश्न विचारला की ते लगेच ओळखतात की माणूस तयारीने आलाय, आणि स्वतः जागा करून देतात. शेवटचे दोन-तीन किलोमीटर ब्रेक थोडे थोडे दाबत आणायचे म्हणजे ओलावा वाळतो, मग गिअरमध्ये टाकून उभी करायची, चाकाखाली दगड, हँडब्रेक सोडलेला. ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये आणि दगड दोन चाकांना. वायपर उभे करायचे. बोनेट बंद करून वरून जुनी गोधडी आणि तिच्यावर ताडपत्री. काझाचे टॅक्सीवाले हेच करतात. इंजिनची ऊब तीन-चार तास तरी टिकते, सकाळी सेल्फ मारायच्या आधी गोधडी काढायला मात्र विसरू नका. दाराच्या रबरांना पुसून ग्लिसरीन लावलं की दारं चिकटत नाहीत. वॉशरच्या टाकीतलं साधं पाणी शिमल्यालाच संपवून टाकायचं आणि न गोठणारं भरायचं, नाहीतर टाकीच फुटते. गाडीची रिमोट किल्ली आणि फोन रात्री पांघरुणात.

काही जण रात्री दोन-अडीचला उठून वीस मिनिटं गाडी चालू ठेवतात. उणे २५ चा अंदाज असेल तर मी पण करेन, पण मोकळ्या जागेत आणि स्वतः जवळ उभं राहून. रात्रभर चालू ठेवू नका, बीएस६ मध्ये तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, काजळीने भरतो.

सकाळी काचेवर गरम पाणी कधीही टाकू नका. आमच्या पुढच्या खोलीतल्या एका मुलाने टाकलं आणि डावीकडून उजवीकडे एकच रेघ गेली, टर्रकन आवाज आला, तो बिचारा मग तिथेच पायरीवर बसला. प्लास्टिकची पट्टी किंवा जुनं एटीएम कार्ड घ्या, आत ब्लोअर लावा, दहा-पंधरा मिनिटं जातात, जाऊ देत.

टायरमधल्या हवेचं प्रेशर तिथे सकाळी स्वतःच्या गेजने मोजा. थंडीने कमी होतं आणि उंचीमुळे गेजवर जास्त दिसतं, दोन्हीची वजाबाकी होऊन घरी भरलेलं ३३ तिथे पहाटे ३० च्या आसपास येतं. पकड मिळेल म्हणून अजून कमी करू नका, त्या दगडी रस्त्यावर रिम वाकते.

चालवण्याबद्दल थोडंच सांगतो. सकाळी दहाच्या आधी निघू नका, चारच्या आत पोचा. रात्री रस्त्यावर आलेलं झऱ्याचं पाणी गोठून काचेसारखा पातळ थर होतो, डांबरासारखाच काळा दिसतो, आणि तो नेमका सावलीतल्या वळणावर आणि पुलावर असतो. दुसऱ्या गिअरमध्ये उचलायची, उतारावर इंजिन ब्रेकिंग, ब्रेक हळू, स्टिअरिंगला झटका नाही. साखळ्या घ्या, टायरच्या साइजच्याच, आणि घराच्या अंगणात दोनदा लावून-काढून बघा, कारण तिथे बोटं पाच मिनिटांत बधिर होतात आणि हुक सापडत नाही. ज्या चाकांना इंजिनची ताकद जाते त्यांना लावायच्या, चाळीसच्या वर जायचं नाही, बर्फ संपला की लगेच काढायच्या. नाकोकडच्या मलिंग नाल्याजवळ आणि जिथे वरून दगड सुटतात तिथे फोटोला थांबू नका. बीआरओची (सीमा रस्ते संघटना) माणसं रस्ता उघडा ठेवायला उणे तापमानात राबत असतात, त्यांनी थांबा म्हटलं की थांबायचं, पाच मिनिटांत जातो म्हणून वाद घालायचा नाही.

आणि एक गोष्ट जी गाडी चालू होण्यापेक्षा फार मोठी आहे. आम्ही पहिल्यांदा गेलो त्याच महिन्यात, जानेवारी २०२२ मध्ये, पाकिस्तानात मरीला बर्फाच्या वादळात हजारो गाड्या अडकल्या आणि किमान २२ माणसं गेली, बरीचशी आपापल्या गाडीत बसल्या बसल्या. थंडी आणि कार्बन मोनॉक्साइड. गाडी बर्फात अडकते, हीटरसाठी इंजिन चालू, सायलेन्सर बर्फाने बुजतो आणि धूर आत यायला लागतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, झोप येतेय असंच वाटतं. तुम्ही अडकलात तर आधी उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ फावड्याने काढा, दर वेळी इंजिन चालू करायच्या आधी पुन्हा बघा, तासाला दहा मिनिटंच चालवा, वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी ठेवा आणि एकाने जागं राहायचं. खोलीतही कोळशाची शेगडी घेऊन दारं बंद करून झोपू नका. तंदूरला धुराडं असतं ते बाहेर गेलंय का ते झोपायच्या आधी बघा, नसेल तर विझवा आणि दोन रजया जास्त मागा, कुणी नाही म्हणत नाही.

गाडीत आम्ही ठेवतो ते: छोटं फावडं, चुलीतली राख पाच किलो (फिरणाऱ्या चाकाखाली टाकायला, वाळूपेक्षा बरी चालते आणि फुकट मिळते), जंप केबल, टो दोरी, माणशी एक स्लीपिंग बॅग, हेडटॉर्च, थर्मासमध्ये गरम पाणी आणि भरपूर शेंगदाण्याची चिक्की. बाटलीतलं पाणी रात्री गोठतं, थर्मासमधलं राहतं. डोकं दुखणं, मळमळणं सुरू झालं तर ते उंचीचं आहे, आणखी वर जायचं नाही, कमी झालं नाही तर खाली उतरायचं. गोळ्यांचं घरूनच डॉक्टरांशी बोलून या.

परत येताना पोवारीच्या खाली आलात की टाकीतलं ऍडिटिव्हवालं डिझेल तसंच चालू द्या, काही होत नाही. घरी पोचल्यावर गाडीच्या खालून मीठ-चिखल धुऊन घ्या, डिझेल फिल्टरच्या तळाचं पाणी पुन्हा एकदा काढा, आणि गॅरेजवाल्यासाठी बोनेटच्या आत एक चिठ्ठी चिकटवून ठेवा. मी चिकटवली आहे, मोठ्या अक्षरात, 'कूलंटमध्ये साधं पाणी टाकू नये, आधी फोन करा.'